आक्काची बाहुली

माझ्या दुकानाला अजून पाटी नाही. पाटी रंगवणारा येऊन चहा पिऊन गेला, पण लिहायचं काय हे मलाच त्याला सांगता येईना. दुकान म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या घराची पुढची खोली. खेळण्यांचं म्हणावं तर मी फक्त कापडी बाहुल्या करते. पुस्तकांचं म्हणावं तर माझी पुस्तकंही कापडाचीच, चार पानांची, प्रत्येक पानावर दोऱ्याने भरलेली एकच ओळ. मूल ज्या माणसाची आठवण काढत असेल त्या माणसाची बाहुली मी शिवते आणि सोबत त्याची गोष्ट देते. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा टेलर लिही, फॉल-पिको तरी येतील." मी चिडून त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून बरं मलाही काही सुचलं नव्हतं.

एकाच बाबतीत माझा गोंधळ नव्हता. घरात आम्ही कितीही हाय-न्हाय बोलत असलो तरी पुस्तकात "आहे" आणि "नाही"च. शाळेत पोराला कुणी हसायला नको, एवढाच त्यामागचा विचार.

राधानगरीकडून दुधाचा टेम्पो घेऊन येणाऱ्या एका माणसाचा फोन आला. मागे इंजिन धडधडत होतं.

"ताई, आमची बारकी सारखी आक्काचं नाव काढतीया. आक्काची एक बाहुली करा, आन् गोष्टबी लिवा."

"आक्का कुठं असते?"

"न्हाय हितं. गेली की."

"केवढी आहे?"

"सहा वर्साची हाय. पैलीला जाती."

हे धाकटीचं वय, एवढं कळलं. थोरली मग दहा-बारा वर्षांची असणार, आणि गेली म्हणजे शिकायला वसतिगृहात गेली, असा मी हिशेब धरला. केस कसे आहेत असं विचारलं तर म्हणाला, "लांब येणी व्हती." होती म्हणाला, म्हणजे वसतिगृहात घालताना कापली असेल! बिचारीची मला दया आली. बाहुलीला तरी वेणी हवीच म्हणून मी काळ्या लोकरीची लांब वेणी घातली, लाल रिबीन बांधली, निळा गणवेश शिवला, पाठीला दप्तर दिलं. बाहुली इतकी देखणी झाली की ती द्यायचं माझ्या जिवावर आलं.

ठरल्या दिवशी तो मुलीला घेऊन आला. मुलीने बाहुली हातात घेतली, उलटी करून पाहिली.

"ही कोण?"

"तुझी आक्का," मी कौतुकाने म्हणाले.

"आक्का न्हाय ही. आक्का साडी नेसती."

मला वाटलं, एवढी चिमुरडी आणि केवढी चिकित्सा! तोवर बाप पुस्तक उघडून वाचायला लागला होता. "आक्का शाळेला गेली. आक्का वसतिगृहात राहते. आक्काला माझी आठवण येते." चौथं पान उघडलं आणि तो थांबला. त्या पानावर मी पणत्या काढल्या होत्या आणि खाली भरलं होतं, "दिवाळीला आक्का घरी येते."

"फुडं वाच की, दादा," मुलगी म्हणाली.

त्याने पुस्तक मिटलं. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "ताई, आक्का म्हंजे हिची आई वो. म्हायेरची समदी तिला आक्का म्हणायची, हीबी तेच शिकली. दवाखान्यात नेलती, परत आलीच न्हाय."

मी काय करावं? मी त्याला विचारलं, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "टाका." मी आत जाऊन गॅसपुढे उभी राहिले आणि चहात साखर टाकली की नाही तेच मला आठवेना.

"गेली की" आणि "व्हती" हे दोन्ही शब्द मी कानांनी ऐकले होते. बरं, इतरांचं एक वेळ सोडा, मला तरी हे कळायला हवं होतं. मी स्वतः माझ्या आईला वहिनी म्हणायचे. घरात काकांची फौज आणि सगळ्यांच्या तोंडी वहिनी, म्हणून मीही वहिनी. शाळेत न्यायला कोण येणार असं बाईंनी विचारलं की मी वहिनी म्हणून सांगायचे, आणि बाईंना बरेच दिवस वाटत होतं की मला लग्न झालेला भाऊ आहे. आणि आता ही पोर माझ्यासमोर बापाला दादा म्हणत होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला स्वतःचा भयंकर राग आला.

चहा दिला आणि पुस्तक मागून घेतलं. म्हटलं, शेवटची ओळ उसवते. पण उसवून तिथे भरायचं काय? आक्का देवाघरी गेली? आक्का चांदणी झाली? काहीही लिहिलं तरी ते खोटंच वाटणार होतं. मी कात्री घेऊन नुसतीच बसले.

मुलगी गुडघ्याला खेटून उभी राहिली. "मावशी, तुमीबी आईला आक्काच म्हणता?"

"नाही, मी वहिनी म्हणायचे."

ती खुदकन हसली. "वैनी? आईला?"

"हो."

"मग तुमची वैनी येती का दिवाळीला?"

बाप दाराबाहेर बघायला लागला. मी म्हणाले, "नाही गं. तीपण गेली. येत नाही."

तिने थोडा विचार केला.

"आक्काबी न्हाय येत," ती म्हणाली. "मग तसं लिवा की."

मी बापाकडे पाहिलं. तो हो म्हणेना, नकोही म्हणेना. मला काहीच समजेना, मात्र हाताला काम कळलं. सगळी ओळ उसवायची गरजच नव्हती. "येते"मधल्या "ते"वरची एक मात्रा काढली आणि "येत" उरलं. पुढे "नाही" भरायला सुई टोचली, आणि भरलं "न्हाय". माझा तेवढा एक नियमही गेला.

मुलगी वाकून बघत होती. गणवेशातली बाहुली तिने काखेत मारली होती. "ही मी हाय," ती म्हणाली. "आक्का दुसरी करा, साडीतली."

मी दोरा तोडला. तिने पुस्तक घेऊन बापासमोर धरलं.

"आता वाच की, दादा."

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. शेवटच्या पानावरही ह्या वेळी तो थांबला नाही.