डोक्यावरचे हात

रोज सकाळी मी चहा ओतायला घेतला की आत्या दोन्ही हात उचलून डोक्यावर ठेवायची. हवाई दलात जेट शिकवणाऱ्या बाईची ही सवय. शिकाऊ वैमानिक पुढच्या सीटवर, ती मागच्या. आरशात तिचे हात डोक्यावर दिसले की त्याला कळायचं, विमान आता आपल्या एकट्याच्या हाती आहे. घरातली किटली मी सात वर्षांची असल्यापासून माझ्या हाती होती. टेबलावर डाग पडले, पण तिने किटली कधी काढून घेतली नाही.

लढाऊ विमानांवर जायची संधी तिने दोनदा नाकारली. "जन्मभर बालवाडीच चालवणार का?" बाबा चिडवायचे.

"दादा, बालवाडीच्या बाई नसत्या तर तू आजही अंगठाच उमटवत असतास."

त्या जेटवर सर्वांत जास्त तास उडण्याचा विक्रम मोडायला तिला दोन तास उरले होते. सत्काराचा फलकसुद्धा रंगवून तयार होता. त्याच आठवड्यात तिच्या एका शिकाऊ पोराची, धप्पाची, शेवटची संधी आली. विमान धपकन आपटायचा, म्हणून हे नाव. आता चुकला असता तर थेट घरी.

उतरताना विमान आदळून उसळलं. अशा वेळी शिक्षकाने ताबा घ्यायचा, असा नियम. आत्याचे हात डोक्यावरच राहिले. धप्पाने इंजिनाला जोर देऊन विमान वर नेलं, एक फेरी मारली आणि दुसऱ्यांदा अलगद टेकवलं.

दुपारी साहेबांनी तिला बोलावलं. "बाई, फक्त लिहा, ताबा मी घेतला. पोरगा घरी जाईल, तुमचे दोन तास होतील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तुम्ही नियम मोडलात. उड्डाण बंद. इतक्या वर्षांवर पाणी सोडणार?"

"इंजिनाला जोर देणारा पुढचा दांडा ढकलला की मागचा आपोआप सरकतो, साहेब. माझ्या गुडघ्याशी तो सरकताना मी पाहिला. विमान त्याने वाचवलं. त्याचं काम मी माझ्या नावावर लावू?"

"नियम नियम असतो."

"मग मोडला म्हणून लिहा. मी खोटं लिहिणार नाही."

कागदावर तिने एकच ओळ लिहिली : ताबा घेतला नाही, गरज नव्हती.

धप्पा पास झाला. आत्या पुन्हा उडाली नाही. फलक मात्र तिने हट्टाने मागून आणला आणि उलटा करून चपलांच्या कपाटावर टाकला. "चांगलं लाकूड आहे, वाया का घालवा?" सत्काराचं कोणी हळहळत विचारलं, की ती त्यांना त्याच कपाटात चपला ठेवायला सांगायची.

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत्या दवाखान्यात निघायची, त्या सकाळी चहा ओतताना माझे डोळे तिच्या भरलेल्या पिशवीवर होते. तिथून ती परतणार नव्हती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कप काठोकाठ भरत आला. बाबा किटली घ्यायला पुढे झाले, तसं तिने डोळ्यांनीच त्यांना थांबवलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"सांडला तर पुसू. ओत तू."