पावणेआठांचा काळा बॉल

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मास्तर काचा घासत. वय बावन्न. हात असा स्थिर, की काठोकाठ भरलेला कप घेऊन जिना चढले तरी बशी कोरडी. दुकानात सगळे त्यांना मास्तरच म्हणत, पण टायरच्या दुकानावरच्या पूल क्लबात त्यांचं नाव पावणेआठ पडलं होतं.

ते का, हे कळायला खेळाची एवढीच माहिती पुरे. काठीनं पांढरा बॉल मारून आपल्या वाटणीचे सात बॉल पॉकेटात घालायचे आणि शेवटी आठवा, काळा. काळा गेला की डाव जिंकला. मास्तरांचे सात बॉल शाळा सुटलेल्या पोरांसारखे घर गाठत. आठव्याला मात्र हमखास माशी शिंके. एरवी सरावात तोच काळा बॉल घरच्या मांजरासारखा ऐके. पण स्पर्धा लागली, चार माणसं खुर्च्या ओढून बसली, की मास्तरांची पाचावर धारण बसे.

अशी अकरा वर्षं गेली. मग क्लबाच्या मालकानं निदान केलं, की मास्तरांच्या हातात काही खोट नाही, मन कच्चं आहे. मास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. मन खंबीर करायचा चंगच बांधला म्हणा ना. पहाटे गार पाण्यानं अंघोळ सुरू झाली. तिनं मनाचं काय झालं ठाऊक नाही, नाक मात्र आठवडाभर वाहत होतं. मग दहा मिनिटं एका पायावर उभं राहणं आलं. मग आरशासमोर उभं राहून ‘मी डोंगर आहे, मी डोंगर आहे’ असं पुटपुटणं.

“अहो डोंगर,” बायको आतून म्हणाली, “दूध उतू चाललंय. जमलं तर जरा सरका इकडे.”

बायकोनं त्यांचा खेळ कधी पाहिला नव्हता. त्या वर्षी मात्र स्पर्धेच्याच रविवारी घरात रंगकाम निघालं आणि वासानं डोकं धरलं, म्हणून ती क्लबात येऊन बसली. मास्तरांना आणखीच घाम फुटला.

आश्चर्य म्हणजे मास्तर अंतिम सामन्यापर्यंत पोचले. समोर होत्या शाळेतल्या पीटीच्या बाई. यांच्या चेहऱ्यावरून आत काय चाललंय याचा पत्ता लागणं कठीण. जिंकल्या तरी तोच चेहरा, हरल्या तरी तोच. पाच डावांचा सामना. दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि पाचव्या डावात मास्तरांनी आपले सातही बॉल घातले. राहिला काळा. तोही सरळ, कोपऱ्याच्या पॉकेटापासून दोन वितींवर. आंधळ्यानं मारला तरी जावा असा.

मास्तरांनी काठीला खडू लावला. पुन्हा लावला. श्वास मोजला, डोंगर झाले, आणि मारलं. काळा बॉल पॉकेटाच्या तोंडाशी दोन्हीकडे आपटला आणि तिथंच थबकला. खोलीत कुणीतरी हळूच ‘पावणेआठ’ म्हटलं.

नियमाप्रमाणे आता बाईंची पाळी, मास्तरांनी खुर्चीत बसायचं. खरं घोडं दरवर्षी तिथंच पेंड खाई. खुर्चीत बसल्या बसल्या ते अकरा वर्षांचे चुकलेले बॉल एकेक करून आठवत आणि पुन्हा पाळी आलीच, तर आधीच हरलेले उठत.

बायकोचा मघाशी डोळा लागला होता. ती जागी झाली.

“संपलं का?”

“चुकलो.”

“म्हणजे हरलात?”

“अजून नाही. त्या चुकल्या तर माझी पाळी.”

“मग तोंड असं का केलंय? हरल्यावर करायचं तोंड आत्तापासून कशाला?”

मास्तर तोंड सरळ करू लागले. तेवढ्यात तिनं विचारलं, की कपाटांवर चादरी टाकल्या होत्या का. मास्तर म्हणाले, टाकल्या. ती म्हणाली, पुस्तकांच्या कपाटावर नाही टाकली. दोघांची दबक्या आवाजात जुंपली. तिकडे बाईंनी तीन बॉल घातले, इकडे वाद निळ्या चादरीवर आला. तिसऱ्यानंतर बाईंचा पांढरा बॉल जरा जास्त पुढं धावला आणि चौथा बॉल हुकला. चेहरा तोच.

मास्तर उठले. निळी चादर नक्की कुठं ठेवली होती, हे अजून डोक्यात घोळत होतं. खाली वाकले तेव्हा जाणवलं, की छातीत आज ढोल वाजत नाहीये. मघाची चूक मघाशीच राहिली होती. समोर फक्त एक काळा बॉल होता. त्यांनी मारला. तो गेला.

टाळ्या झाल्या. बाईंनी हात मिळवला आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या. मालकानं मास्तरांना खंबीर मनाचं गुपित विचारलं, तेव्हा मास्तरांनी गार पाणी, एक पाय आणि श्वासांची मोजणी यांवर बराच वेळ निरूपण केलं. बायको शेजारी उभी राहून मान डोलावत होती.

पुढच्या वर्षी ते पहिल्याच फेरीत हरले. घरी येऊन व्यवस्थित जेवले आणि दुपारी गाढ झोपले. असं हरणं त्यांना अकरा वर्षांत जमलं नव्हतं.