तोंडात मावणारे सोबती

गेल्या श्रावणात आमच्या घरी एका माशालाही श्रावण पाळायला लावला होता. हा विनोद नाही. त्या श्रावणाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

अमडापूरच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी काचेची मोठी टाकी आहे. तिच्यात अरोवाना जातीचा लांबट, रुपेरी मासा राहतो. तो दादानं आणला. दादाचं बियाण्याचं नि खताचं दुकान आहे. धंद्यात बरकत यावी म्हणून एका वास्तूवाल्यानं त्याला हा मासा ठेवायला सांगितलं, आणि त्याच्यासोबत सोनेरी मासे सोडायला. तेव्हा अरोवाना वीतभर होता. दादानं गोल्डफिश आणले आणि त्याच पाण्यात सोडले. एकाला थंड पाणी मानवतं, दुसऱ्याला कोमट लागतं, हे ना वास्तूवाल्यानं सांगितलं, ना दादानं विचारलं. काही दिवसांत गोल्डफिश पोट वर करून तरंगायला लागले. आई हात जोडून म्हणाली, घरावरचं संकट माशानं स्वतःवर घेतलं. दादानं नवे आणले. तेही गेले, पुन्हा संकट टळलं. मासे मरत होते आणि घर खुशीत होतं.

मग वैशाखात वहिनी आली. वडनेर भोलजीची, हळू बोलणारी, कामाला वाघीण. तोवर अरोवाना हातभर झाला होता. गोल्डफिश मात्र दुकानात मिळतात तेवढेच येत होते. श्रावण लागला आणि आमच्या घरी मांस-मासळी बंद झाली. एरवी दादा बाजारातून झिंगे आणून अरोवान्याला टाकायचा. आता झिंगे उंबऱ्याच्या आत येईनात. आईनं त्याला भिजवलेली चण्याची डाळ आणि कणकेच्या गोळ्या टाकल्या. तिचं म्हणणं, आपण श्रावण पाळतो तसा त्यानंही महिनाभर पाळावा. त्यानं डाळीकडे बघितलंही नाही. रोज सकाळी टाकीतला एक गोल्डफिश कमी व्हायला लागला.

तरंगणारा मासा नाही, खवला नाही, काही नाही. पाणी स्वच्छ आणि मासा गायब.

एवढ्यावरून लहान मूलही ओळखेल. पण आमच्या घरात आधी शेजारची काकू बोलली, मग आई. नवी सून आली तेव्हापासून मासे दिसेनासे होतात. पांढऱ्या पायाची आहे. वहिनीच्या आधी मासा मेला तर संकट टळत होतं, वहिनीनंतर तो गेला तर संकट येत होतं. जीव तोच जात होता, अर्थ तेवढा सोयीनं बदलला. वहिनीला टाकीजवळ झाडू मारायची बंदी झाली. दसऱ्याला साखरखेर्ड्यात दादाच्या दुसऱ्या दुकानाचं उद्घाटन ठरलं होतं. घरच्या सुनेनं नव्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल टाकायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं सांगून टाकलं, पहिलं पाऊल चुलत वहिनी टाकेल. हिनं यायचंच नाही.

आणि हे सगळं बाबांच्या समोर.

माझे बाबा शिक्षक होते. मी अक्षरं शिकले ती त्यांनी अंधश्रद्धेविरुद्ध छापलेल्या पत्रकांवरून. भानामती खोटी, करणी खोटी, बाईच्या पायानं घर बुडत नाही, ही वाक्यं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. आठवडी बाजारात बाबा भोंगा घेऊन उभे राहायचे, त्यांचा आवाज कांद्याच्या ढिगांपासून बैलांच्या रांगेपर्यंत जायचा. लोक हसायचे, दगडही मारायचे, बाबा थांबायचे नाहीत. तेच बाबा आता त्याच खोलीत, टाकीपासून दोन हातांवर, पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, बाबा, काहीतरी बोला. ते म्हणाले, बायकांच्या गोष्टी आहेत, आपोआप शांत होतील. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा वास्तूवाल्याचाही आला नव्हता.

मी खामगावला गेले, दादा मासे घेतो त्या दुकानात. मी सगळं सांगितल्यावर दुकानदारानं मान हलवली, जणू त्याला हे केव्हाचं माहीत होतं.

"मोठा मासा पाळाचा असला त पहिले त्याचं तोंड पाहाव, ताई. जो त्याच्या तोंडात मावते तो सोबती नसते, तो जेवण असते."

मग तुम्ही दादाला दर वेळी गोल्डफिश का दिलेत, मी विचारलं.

"त्यायनं सोनेरी मागतले, म्या सोनेरी देल्ले. दुकान हाये, शाळा थोडीच हाये."

मला त्याची काच फोडावीशी वाटली. पण मला त्याच्याकडून सोबती हवे होते, म्हणून सगळं विचारून घेतलं. सोबती अंगानं जाड हवेत, तोंडात न मावणारे. फार भांडखोरही नकोत, नाहीतर अरोवान्याचेच खवले उपटतील. अरोवाना वरच्या पाण्यात फिरतो, म्हणून त्यांनी मधल्या नि तळच्या पाण्यात राहावं. पाणी दोघांना एकच मानवावं. आणि मुख्य म्हणजे मोठ्याचं पोट भरलेलं असावं. उपाशी ठेवलेल्या शिकाऱ्याला सोबत निवडताच येत नाही.

श्रावण सरल्यावर मी चांगले थोराड पॅरट मासे आणले. रंग नारिंगी, म्हणून दादानं ते सोनेरीत धरले. झिंगे पुन्हा सुरू झाले. आधी अरोवान्याला पोटभर घातलं, मग पॅरट सोडले. अरोवान्यानं एकदा जवळ येऊन पाहिलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सगळे होते. गणपतीत होते, पितृपक्षात होते. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकीपुढे उभं करून समजावत होते, असं होतं, म्हणून असं झालं.

कुणी ऐकलं नाही. कारण त्याच दरम्यान वास्तूवाल्यानं टाकीखाली लिंबू ठेवून पिवळा दोरा बांधला होता. आईनं जाहीर केलं, दोष गेला. आता सून दुकानात यायला हरकत नाही.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात गाडी उभी होती. आईनं स्वतः वहिनीसाठी हिरवा शालू काढून ठेवला. वहिनी बैठकीत आली ती घरच्याच साडीत. टाकीपुढे उभी राहिली आणि बाबांकडे वळली.

"मामाजी, माह्ये पाय सगळ्यायनं पाह्यले. त्याचं तोंड कोनी पाह्यलं नाही. तुमाले त ठावं होतं."

बाबा चष्मा पुसत राहिले.

"तुमी फक्त एवढं म्हना, की मासे त्यानं खाल्ले. सगळ्याईच्या समोर म्हना. मंग मी येतो."

दादा म्हणाला, आता हे कशाला, मुहूर्त चुकेल. आई म्हणाली, हिला डोक्यावर चढवली कुणी. काकू माझ्याकडे बघून हसली. मी बाबांकडे बघत होते. एक वाक्य मागितलं होतं त्यांच्याकडे. भर बाजारात हजार वेळा ओरडून सांगितलेल्या, स्वतः लिहिलेल्या, स्वतः छापून आणलेल्या वाक्यांइतकंच साधं.

"जाऊ दे ना, बाई," बाबा म्हणाले. "झालं ते झालं."

वहिनीनं शालूची घडी मोडली नाही, तशीच आईच्या हातात दिली आणि आत गेली. मीही गेले नाही. गाडी आम्हा दोघींना सोडून निघाली, आणि साखरखेर्ड्याच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल चुलत वहिनीचं पडलं.

दुपारी मी एका पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलं. मासे कोणी खाल्ले, का खाल्ले, लिंबाचा त्यात किती हात होता, आणि एका बाईची माफी या घराकडे बाकी आहे. तो कागद मी टाकीच्या काचेवर चिकटवला. वहिनीनं तो वाचला, आणि त्याचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मग तिनं अरोवान्याला झिंगे टाकले. श्रावणात तिला टाकीजवळ झाडू मारायचीही बंदी होती, आणि आज अडवायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी सगळे परतले. आई कागद बघून तरातरा स्वयंपाकघरात गेली. दादा फाडायला पुढे झाला तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला. ते टाकीपुढे उभे राहिले आणि त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मनातल्या मनात.

कागद अजून तिथंच आहे. घरी आलेले पाहुणे तो वाचतात आणि बाबांकडे बघतात. काही जण मला सांगतात, त्यांनी फाडू दिला नाही हेच खूप आहे, या वयात माणसाकडून आणखी काय पाहिजे. मला अजून तेच पाहिजे, जे वहिनीनं मागितलं होतं. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं म्हणावं. ते म्हणेपर्यंत वहिनी साखरखेर्ड्याच्या दुकानात पाय ठेवणार नाही, आणि मीही नाही.