फक्त फाइलीपुरतं

आत्या रोज सकाळी स्वतःच्याच स्टुडिओच्या दारावर टकटक करायची आणि मग कुलूप काढायची. आत कोणी नाही हे तिला ठाऊक असायचं. "सवय सुटली तर एक दिवस आत कोणी कपडे बदलत असेल आणि मी धाडकन घुसेन," ती म्हणायची. माझे बाबा, तिचे धाकटे भाऊ, यावर वर्षानुवर्षं हसले.

दवाखान्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. डॉक्टर मंडळी उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो काढायला पेशंट तिच्याकडे धाडत. ती प्रत्येकाला एक छापील कागद मोठ्याने वाचून दाखवी: फोटोचा हक्क काढणारीकडे राहील, वापर फक्त खूण केलेल्या कामासाठी. खाली तीन चौकटी होत्या, फाइल, शिकवणं आणि जाहिरात. त्याखाली डॉक्टर, पेशंट आणि ती, तिघांच्या सह्या. "अहो, फोटो काढताय की घर विकताय?" असं कोणी म्हटलं, तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची.

वरच्या मजल्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी एकदा वाचनालयात काम करणाऱ्या एका बाईंना तिच्याकडे धाडलं. लहानपणी उकळतं पाणी सांडून त्यांची हनुवटी आणि गळा भाजला होता. ऐन उकाड्यातही त्या वरपर्यंत बटणं लावत. पहिलं बटण काढायला त्यांना वीस मिनिटं लागली. तोवर आत्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. कागदावर फाइलीच्या चौकटीत खूण झाली. बाकीच्या दोन चौकटींवर बाईंनी स्वतः फुली मारली, कागद फाटेल इतक्या जोरात.

फाइलीसाठी आत्या फक्त लहान प्रिंट देत असे. या खेपेला त्या डॉक्टरांच्या मदतनीस बाई म्हणाल्या, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पेनड्राइव्हवरच द्या. आत्याने दिलं, तेही मोठ्या आकारात. आयुष्यात एकदाच.

तीन महिन्यांनी चौकातल्या बसथांब्यावर फलक लागला. डावीकडे बाईंचा भाजलेला गळा, उजवीकडे तोच गळा, गुळगुळीत. डोळ्यांवर काळी पट्टी. उपचारांनी डाग तसूभर हलला नव्हता. तो कॉम्प्युटरवर पुसला होता.

बाई स्टुडिओत आल्या त्या उभ्याच राहिल्या. "तुम्ही तर वाचून दाखवलं होतं," एवढंच म्हणाल्या. फलक लागून चौथा दिवस होता, तेव्हापासून त्या कामावर गेल्या नव्हत्या.

आत्या कागद घेऊन थेट वरच्या मजल्यावर गेली. मी तेव्हा तिच्या हाताखाली काम करायचे, मागोमाग गेले. डॉक्टर हसतमुख होते.

"ताई, डोळे झाकलेत की! ओळखणार कोण?"

"चार दिवस बाई घरात बसून आहे. तिला विचारा कोणी ओळखलं ते."

"फोटोचे पैसे मी दिले. म्हणजे फोटो माझा."

"तुम्ही वापरायची परवानगी घेतलीत, तीही फाइलीपुरती. ही सही कोणाची? फोटो माझा, गळा तिचा. तुमचं फक्त पाकीट."

"आपण घरचीच माणसं. खाली तुमचं नाव टाकू या ना, मोठ्या अक्षरात!"

आत्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. "या खोटेपणाखाली माझं नाव? तुम्हाला बरं करता आलं नाही म्हणून तुम्ही पुसलंत, डॉक्टर! बाईला पुसलंत!"

मग ती फलक छापणाऱ्याकडे गेली. त्याने कागद दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. "मला सांगितलं, सगळ्यांची परवानगी आहे," तो म्हणाला. संध्याकाळच्या आत फलक उतरला. पण लोकांच्या मोबाइलमधून तो कोण उतरवणार?

आणि बोल कोणाला लागला? आत्याला. इमारतीतल्या बाकीच्या डॉक्टरांनी पेशंट धाडणं बंद केलं. बाई भांडखोर आहे, म्हणे. बाबासुद्धा म्हणाले, "अक्का, जरा गोडीगुलाबीने घ्यायचं होतं." तीन सह्यांचा कागद मोडणारा माणूस मोठा डॉक्टरच राहिला, आणि तो कागद पाळा म्हणणारी कजाग ठरली. मला हे आजही गिळता येत नाही.

आत्याने स्वतःला मात्र सोडलं नाही. "पेनड्राइव्ह मी दिला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या घरी गेली. मूळ फोटो असलेलं कार्ड आणि हक्क बाईंच्या नावे केल्याचा सहीचा कागद तिने त्यांच्या हातात ठेवला. "आता हा तुमचा. ठेवा, जाळा. माझ्याकडे एकही प्रत नाही." बाईंनी कार्ड मुठीत घट्ट धरलं. बसा म्हणाल्या नाहीत. आठवड्याने त्या कामावर गेल्या, एवढं कळलं.

दोन वर्षांनी त्याच बाई ओळखपत्राच्या फोटोसाठी आल्या. शहरात फोटोवाले काय कमी होते? तरी त्या आत्याकडे आल्या. वरचं बटण लावलेलंच होतं, आणि आत्याने ते काढायला सांगितलं नाही.

त्याच दुपारी आत्या ते फोटो कापत बसली होती. त्याच खुर्चीत, तासाभराने, तिचं हृदय थांबलं. त्याआधी मी बँकेत जायला निघाले तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं, "चार नीट कापलेत, पाचवा तिरका गेला. त्यांना चारच दे, आणि तिरका फाडून टाक."