रणबाच्या नजरेची जमीन

माझ्या धाकट्या जावेचा नवरा परत आला आणि माझा आला नाही, त्या दिवसापासून देवाशी माझं बिनसलं. दोघं सख्खे भाऊ. एकाच दिवशी अमरावतीहून व्यापाऱ्याचा कापूस गाड्यांत भरून निघाले, वाटेत घरी एक मुक्काम करून पुढे खानदेशात, जिथवर आगगाडी आली होती तिथवर गेले. आम्ही दोघी जावांनी त्यांच्या बैलांना सोबतच ओवाळलं आणि देवापुढे सोबतच नवस बोललो. मग एकीचं ऐकायचं आणि दुसरीला तोंडघशी पाडायचं, ही कुठली रीत? लोक म्हणतात, देवाबद्दल असं बोलू नये. मी तर तेव्हा याहून वाईट बोलले होते, आणि ते त्यानं मुकाट ऐकून घेतलं, म्हणून आज सांगायला बसले आहे.

आमचं गाव अकोल्याच्या मावळतीला, कापसाच्या गाडीवाटेजवळ. ते दिवस तेजीचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. यातली खरी मेख अमरावतीच्या दलालांना ठाऊक असेल. आमच्या गावाचं म्हणणं सरळ होतं. आमचं दैवत रणबा, म्हणजे लढाईचा देव. जगात कुठेही तलवार उपसली जाते ती त्याच्या हुकमानं. "आपल्या रणबानंच थे लढाई लावून देली, आपलं बरं व्हावं म्हून," असं माणसं छाती फुगवून सांगायची आणि बाजारातून परतली की त्याच्यापुढे नारळ फोडायची. मीही फोडला होता.

रणबा गावाच्या टेकडीवर उघड्यावर उभा आहे. पुरुषभर उंचीचा काळा पाषाण, हातात भाला. त्याची कथा अशी की, फार पूर्वी मावळतीकडून शत्रू चालून आला तेव्हा गावाला पळायला अवधी मिळावा म्हणून हा एकटा भाला रोवून टेकडीवर उभा राहिला आणि उभ्या उभ्या दगड झाला. मान वळवून त्यानं कधी मागे पाहिलं नाही. म्हणून आम्हा लेकरांना दिसते ती त्याची पाठ. शेंदूर पाठीला, हार मागून, दिवा टाचांपाशी. तोंड पाहायचं तर टेकडी ओलांडून मावळतीच्या अंगाला उतरावं लागतं, आणि तिथे जो उभा राहील तो रणबाचा वैरी. त्या उताराला आम्ही नजरेची जमीन म्हणतो. तिथे कोणी नांगर घालत नाही, गुरं चारत नाही, वाळलेली काडीसुद्धा उचलत नाही. परमुलखातले गाडीवान आणि लमाण तिकडे उतरतात असं ऐकून होतो; त्यांना आमची रीत काय माहीत!

तर दीर परतला तो एकटाच. नदीच्या उतारावर गाड्यांची खेचाखेच झाली, दादाचा बैल लंगडत होता, त्याची गाडी मागे राहिली, असं म्हणाला. त्यानं वाट पाहिली, उलटा जाऊन शोधलं, पण पत्ता लागला नाही. सांगता सांगता तो ओट्यावर बसून ढसाढसा रडला, त्यामुळे त्याच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही. माझा सगळा राग सगुणेवर, माझ्या जावेवर. तिनं केलं काहीच नव्हतं. तिचा नवरा तिच्यासमोर बसून जेवत होता, एवढाच तिचा गुन्हा. तो "अजून अर्धी दे" म्हणून भाकर मागायचा आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानं आणलेलं नवं लुगडं तिनं माझ्यादेखत नेसलं नाही, पेटीच्या तळाशी घालून ठेवलं. त्यामुळे तर मी आणखीच जळले. मिरवली असती तर भांडता तरी आलं असतं.

एकदाच ती चुकली. नवस फेडून आली आणि प्रसाद माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, "बाई, देवानं माह्यं ऐकलं. तुमचंई ऐकन." पहिलं वाक्य कानात शिरलं आणि दुसऱ्याला तिथे जागाच उरली नाही. हिचं ऐकलं! हाराची गाठ जिला धड मारता येत नाही, हिचं! आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी त्या दगडाच्या टाचा धुते आहे, ती काय पाण्याची नासाडी करायला?

तरी मी जात राहिले. टाचा धुवायच्या, दिवा लावायचा, आणि त्या रुंद पाठीकडे बघत म्हणायचं, अरे, एकदा तरी वळून बघ. एका सकाळी गेले तर सगुणा माझ्याआधीच तिथे. टाचा धुऊन झालेल्या, दिवा लागलेला. "तुमचा रातभर डोळा नाही लागत, म्हून मीच आली," ती म्हणाली. भलं करायलाच आली होती हो बिचारी. पण माझं डोकं फिरलं. नवरा हिचा आला, आता देवाची सेवाही हिचीच? "जाय घरी," मी म्हटलं. ती खाली मान घालून गेली. मी हातातला तांब्या दगडावर आपटला आणि त्या पाठीला म्हटलं, "पाह्यत नाहीस ना माह्याकडं? मंग मीच येते समोर. वैरी तं वैरी!"

म्हातारा पुजारी मागून ओरडत राहिला, "अवं पोरी, काहून घराचं वाटोळं करून राहिली?" मी थांबले नाही. वाटोळं व्हायला घरात उरलं काय होतं? उतारावर काटेरी झुडपं आणि सुटे दगड. लुगडं सावरत, पायाखाली बघत मी उतरत होते आणि मनात एकेक शिवी तयार ठेवत होते. नीट समोर पोचायचं, मग वर बघायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा आणि एका दमात सगळं बोलून टाकायचं. तेवढ्यात खालून कोणीतरी खोकलं.

तो खोकला मी हजारांत ओळखला असता. बाभळीखाली घोंगडीवर एक माणूस पडला होता, दाढी वाढलेली, गाल खप्पड, ओठ तडकलेले. एक म्हातारी लमाणीण त्याच्या तोंडात पेज घालत होती. मी धावले, पडले, उठले, पुन्हा धावले. ते आमचेच होते. जिवंत होते.

"तुह्या हाय का बाई हा?" म्हातारीनं विचारलं. मी मान हलवली. मग तिनं सांगितलं. खानदेशाकडून येणाऱ्या गाडीवानांना हे वाटेत तापानं फणफणून पडलेले सापडले. कुठले म्हणून विचारलं तर तोंडात एकच शब्द, रणबा. त्या भल्या माणसांनी विचारत विचारत त्यांना रणबापाशी आणलं. आले मावळतीकडून, म्हणून ठेवलंही मावळतीलाच. तिचा तांडा तिथे उतरला होता, तिनं जबाबदारी घेतली. "गाव पुसलं का वर हात करे," ती म्हणाली. "आमाले वाटलं, देवाले हात जोडून राहिला. अन् तुमच्या गावात आमाले कोन येऊ देते पुसाले?" ते हात करत होते ते टेकडीपलीकडच्या आमच्या घराकडे. चार-पाच दिवस ते तिथे होते. तितके दिवस मी पलीकडे उभी राहून ओरडत होते, माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ. आणि देव माझ्याच माणसाकडे बघत होता.

यांचं डोकं मांडीवर घेऊन मी जिवाच्या आकांतानं दिराला हाका मारल्या, पुजाऱ्यानं वरून त्या घरापर्यंत पोचवल्या. तो धावत टेकडीवर आला, पण देवाच्या टाचांपाशी येऊन त्याचा पाय उचलेना. हे तो नंतर स्वतःच सांगायचा. लहानपणापासूनचं भय ते, आणि सख्खा भाऊ खाली पडलेला. त्याच्यामागून धावत आलेली सगुणाच त्याला बाजूला सारून ओचा खोचून उतरली. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या या थोरल्या भावासमोर, जिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिनं यांचे पाय उचलून छातीशी धरले आणि वर बघून नवऱ्यावर ओरडली, "या ना खाली! वैरी झालो तं सारेच होऊ!" तेव्हा कुठे तो आला. आम्ही तिघांनी यांना टेकडी चढवली. मी डोक्याकडे होते, नजर यांच्या चेहऱ्यावर, श्वास चालू आहे ना एवढंच बघत.

पंधरवड्यात हे उठून बसले. मी भाकरी घेऊन तिकडे गेले तोवर तांडा पुढे निघून गेला होता. देवच लमाणीण होऊन आला, असं गावातले म्हणतात. मला ते पटत नाही. तिच्या हाताला धुराचा वास होता, तिचं पुण्य तिच्या नावावर राहू द्या. आम्ही वैरी झालो म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. मी पुन्हा टाचा धुऊ लागले.

पण गावभरच्या बायका मला विचारू लागल्या, तू समोर गेली होतीस, तोंड कसं आहे गं देवाचं? आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी पाहिलंच नाही. भांडायला मी गेले, आणि वर नजर उचलायची राहूनच गेली. यांनी तापात का होईना, दिवसचे दिवस पाहिलं. दिरानं चढताना पाहिलं. सगुणेनं तर डोळे भरून पाहिलं. ती एकदा हळूच म्हणाली, "बाई, सांगू का कसा हाय?" मी म्हटलं, "खबरदार सांगशील तं!"

आता मला कोणी अडवणार नाही, तरी मी पुन्हा तिकडे गेले नाही. वळून बघ, असंही त्याला म्हटलेलं नाही. तिकडे अजून कितीजणींची माणसं वाटेवर असतील, त्यांच्याकडे बघू दे त्याला. आपलं काम टाचा धुवायचं, बाकी त्याचं तो जाणे. एवढं मला कळलं आणि त्यात सुख आहे. फक्त सगुणा माझ्याशेजारी उभी राहून हात जोडते, डोळे मिटते आणि गालातल्या गालात हसते, तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढे तिला काय दिसत असेल ते मी ओळखते. तेव्हा मात्र, रणबाची शपथ, मी जळते.