पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

आता माझा संगणक बोलतो. शब्दावर कर्सर नेऊन कळ दाबली की एकेक अक्षर सुटं करून सांगतो आणि मी शुद्धलेखन तपासते. लोकांना नवल वाटतं. ऐंशीच्या दशकात, मध्य प्रदेशातल्या सौंसरला, हेच काम माझी वहिनी तोंडानं करायची.

चौथीत असताना तापात माझी नजर गेली. अक्षरं तोवर शिकून झाली होती, ती राहिली. पुढं विशीत वहिनीचा हात धरून मी बस स्टँडजवळच्या टायपिंग क्लासात गेले. तिथले सर म्हणाले, "पोरी, हे डोळ्यायचं काम आहे."

विद्यार्थ्यांनी पाहू नये म्हणून तिथं मशीनच्या कळांवर पुठ्ठ्याचं झाकण असायचं, हे मला ठाऊक होतं.

"सर, तुम्ही तर सगळ्यायलेच न पाहता शिकवून राहिले," मी म्हटलं. "मी तयारच होऊन आलो."

"टाइप करशील. पण चुका कोण काढंन?"

"मीच काढीन."

सरांनी दुपारची रिकामी मशीन दिली. बोटं लवकर बसली. अडचण वेगळीच होती. घरात आमची मराठी, परीक्षा हिंदीची. मराठीत 'स्थिती', हिंदीत 'स्थिति'; ऐकायला दोन्ही सारखेच. वडील शाळेत हिंदी शिकवायचे, त्यांनी असे शब्द माझ्याकडून घोकून घेतले, तरी बोटं मराठीकडं वळायची. वहिनीनं माझं पहिलं पान घडाघडा वाचलं तेव्हा मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी सरांनी तेच पान लाल खुणांनी भरून परत केलं.

"वहिनी, तुम्ही काय वाचून राहिल्या होत्या?" मी चिडून विचारलं.

"जे लिहायचं होतं ते वाचलं, ताई. अर्थ लागला की चूक दिसतच नाही."

मग आम्ही अर्थच काढून टाकला. पान शेवटून वाचायचं, शेवटचा शब्द आधी आणि अक्षर अक्षर करून. "अर्धा स, थ ले पहिली वेलांटी, त ले पहिली वेलांटी." दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलायची आणि वहिनी वाचायची. आई वैतागायची, "काय मंतर म्हणून राहिल्या गं दोघी?" चूक सापडली की पूर्ण पान नव्यानं टाइप करायचं, कारण मशीनमधून काढलेला कागद पुन्हा त्याच ओळीवर बसवणं मला जमत नव्हतं.

छिंदवाड्याला परीक्षेच्या दारावर वहिनीला अडवलं. वाचणारी आत चालणार नाही, म्हणाले. मी एकटी बसले आणि नापास झाले.

"झालं समाधान?" सरांनी विचारलं.

"नाही. पुढच्या खेपेले बसतो."

आता मी टाइप करतानाच प्रत्येक कळ पुटपुटायला लागले. आमच्या हिंदी मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे आणि दुसरी नंतर, त्यामुळं पुटपुटताना चूक जिभेलाच अडायची. दुसऱ्या परीक्षेत देखरेख करणाऱ्या बाईंनी दटावलं, तेव्हा आवाज बंद केला, ओठ नाही. पास झाले. वेग जेमतेम होता, पण झाले.

प्रमाणपत्र आलं. वहिनी सवयीनं अक्षर अक्षर वाचत गेली आणि थबकली. "ताई, आडनावात पहिली वेलांटी देली त्यायनं. आपली तर दुसरी."

आई म्हणाली, राहू दे, मिळालं हेच खूप. मी ऐकलं नाही. वहिनीला घेऊन पुन्हा छिंदवाड्याची बस धरली.

खिडकीवरचा कारकून वैतागला. "इतनी-सी मात्रा कौन देखता है?"

"मैं देखती हूँ," मी म्हटलं.

त्यानं कागद लगेच घेतला नाही. आज साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या. आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो, त्याच्या पुढच्याही. भाऊ कुरकुरला, लोक हसले. शेवटी दुरुस्त कागद मिळाला, तो वहिनीनं खिडकीपाशीच उभं राहून शेवटून वाचला. मागची रांग थांबली होती. मी तिला घाई करू दिली नाही.

त्याच वर्षी पांढुर्ण्याच्या एका वकिलांकडं मला टायपिंगचं काम लागलं.