सरळ केलेला खांब

वडील गेल्यावर घराच्या कागदांवर सही करायला आम्ही दोघं बहीणभाऊ तालुक्याला गेलो, तेव्हा माझ्या अंगावर ऑफिसचीच साडी होती. हक्कसोड करायची म्हणजे बहिणीनं लिहून द्यायचं, की या घरातलं, या शेतातलं मला काही नको. हे कुणी तोंडानं मागत नाही. बहीण आपण होऊन देणार, असं सगळे धरूनच चालतात. जी देत नाही तिलाही माहेरी पाण्याचा पेला मिळतो, फक्त तो कसा मिळतो ते विचारू नये. सही झाली की भावानं बहिणीला साडी घ्यायची, ही त्यातली रीत. धाकट्यानं दुकानसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "साडी राहू दे. मला स्लॅबचा उत्तरेकडचा कोपरा दे."

तो हसला. "कोपराच कायले मांगतं ताई? सारा स्लॅब तुहाच हाय."

सारा स्लॅब मला नकोच होता. जिथून ध्रुव दिसेल एवढीच जागा हवी होती. मी वाशीमला नोकरी करते, लग्न केलं नाही, आणि पगारातून बाजूला काढत काढत एक दुर्बीण, तिला धरून फिरवणारा मोटरवाला माउंट आणि कॅमेरा असा संसार थाटला आहे. वाशीमच्या भाड्याच्या खोलीवरून दिव्यांच्या उजेडात चार चांदण्या दिसतात. इंझोरीला आमच्या घरावरून आभाळ अजून आभाळासारखं दिसतं. म्हणून दर शनिवारी मी गाड्या बदलत गावी जायची.

फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचं झाकण पाच-पाच, दहा-दहा मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि चांदणी टिंब न राहता रेघ होते. म्हणून मोटर दुर्बिणीला चांदण्यांमागे हळूहळू फिरवते. पण मोटर कितीही चांगली असली तरी तिचा आस बरोबर ध्रुवाकडे असावा लागतो. तो चुकला की पुढचं सगळं चुकलं. आणि आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो. हात लांब करून क्षितिजावर वीत धरली, तर तेवढाच वर. लग्नात नवरीला ध्रुव दाखवायची पद्धत आम्हा बौद्धांच्या घरात नाही, त्यामुळे तो मला कुणी दाखवला नाही. माझा मीच शोधला.

शेलूबाजारच्या वेल्डरकडून जाड पाइप आणि वर चौकोनी पट्टी असा खांब करून घेतला, जीपच्या टपावर टाकून गावी आणला आणि कोपऱ्यात बीमवर काँक्रीटमध्ये पक्का बसवला. पट्टीचं तोंड ध्रुवाकडे लावायला कितीतरी संध्याकाळी गेल्या. आमचं घर रस्त्याला धरून बांधलेलं आणि रस्ता तिरपा, त्यामुळे माझी पट्टी कठड्याला तिरकी दिसायची. घरात त्याचं नावच पडलं, ताईचा वाकडा खांबा. मीही हसायची. गावातलं सगळं वाकडं होतं, तो एकटा सरळ होता, हे कुणाला समजावत बसायचं? पहिल्या हिवाळ्यात मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला, त्यात चांदण्या मोहरीच्या दाण्यांसारख्या गोल आल्या. मी तो फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावला होता.

पुढच्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. पावसाचे चार महिने दुर्बीण बाहेर निघतच नाही, म्हणून मी वाशीमलाच होते. दसऱ्याच्या सुमारास गेले तर स्लॅबवर जिन्याची नवी खोली उभी, आणि तिच्यावर पाण्याची काळी टाकी. नेमकी उत्तरेला. माझ्या खांबाजवळ उभं राहून पाहिलं तर जिथे ध्रुव असायचा तिथे टाकी होती.

मी भावाला वर बोलावलं आणि बोट दाखवलं. तो टाकीकडे पाहत म्हणाला, "मंग काय झालं? आभायात चांदण्या का कमी हायेत? दुसरी एखांदी धर."

"दुसरी चालत नाही. तीच लागते."

"मले काय मालूम ताई. जिना त्याच अंगानं येत होता."

"मला विचारायचं तरी."

"तुले इचारलं असतं, त तू नाहीच म्हटली असती."

एवढं खरं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. मी खाली जाऊन जेवले. भावजयीनं भाकरीवर लोणी घातलं, त्या दिवशी जरा जास्तच. मनात एक हिशेब होता. ध्रुव आता दिसत नसला तरी खांब त्याच्याकडे तोंड करून पक्का बसवलेला होता. एकदा लावलेली दिशा कुठे जाते? टाकी मधे आली तरी माझं काम चालणार होतं.

चाललं नाही. पहिल्याच फोटोत चांदण्या भाताच्या शितांसारख्या लांबट आल्या. दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटा कॅमेरा असतो. तो एका चांदणीवर नजर ठेवतो आणि ती जरा हलली की मोटरला टोचतो. लॅपटॉपवर त्याचा आलेख येतो. सगळं ठीक असलं की आलेख थोडा वर, थोडा खाली, श्वास चालल्यासारखा हलतो. माझा चढतच होता. मोटर पुन्हापुन्हा खाली ओढायची, तो पुन्हा चढायचा.

मग मी सुरू झाले. मागचं वजन पुढेमागे सरकवून तोल साधला. कॅमेऱ्याची वायर कुठे अडकून ओढ घेते का पाहिलं, सगळ्या वायरी सुतळीनं बांधल्या. गिअरच्या दात्यांमध्ये ढिलाई असेल म्हणून स्क्रू आवळले, मग जास्त आवळले म्हणून सैल केले. सोयाबीनचा हंगाम होता, रस्त्यापलीकडे मळणी यंत्र धडधडत होतं. त्यानं स्लॅब हलत असेल म्हणून ते थांबायची वाट पाहिली. ते थांबलं, आलेख थांबला नाही. इंटरनेटवर विचारलं, तर तिथल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ध्रुव नीट धरला आहे का? मला राग यायचा. अरे बाबांनो, खांब काँक्रीटमध्ये आहे, तो काय पाय फुटून चालत गेला? असे कितीतरी शनिवार गेले. रविवारी परत येताना गाडीत मी माउंट बनवणाऱ्याला, कॅमेरा बनवणाऱ्याला आणि स्वतःला आळीपाळीनं शिव्या द्यायची.

शेवटी एकदा शांत बसून आलेखाकडे पाहिलं. गिअर खराब असता तर आलेख इकडेतिकडे झुलला असता. वायर अडकली असती तर मधेच उसळला असता. हा सगळा वेळ एकाच दिशेला, एकाच चालीनं चालला होता. म्हणजे आसच चुकला होता. खात्री करायला मी मुद्दाम अर्धा तास झाकण उघडं ठेवून एक फोटो काढला. छोट्या कॅमेऱ्यानं धरून ठेवलेली मधली एक चांदणी जिथल्या तिथे टिंब, आणि बाकी साऱ्या तिच्याभोवती वाकलेल्या रेघा. आस चुकला की असंच होतं. शंका उरली नाही. टॉर्च घेऊन मी खांबाच्या बुडाशी बसले. तिथलं सिमेंट नवं होतं. वर पाहिलं तर पट्टी कठड्याला अगदी समांतर, दोरी लावल्यासारखी.

दोरी लावलीच होती. सकाळी भावानं सांगितलं तेही कौतुकानं. "गळतीचा माल टाकाले तो खांबा काढा लागला न. मिस्तरी म्हणे, हा वाकडा बसला हाय, पुन्हा बसवाचाच हाय त सरळ बसवू. ओळंबा लावून, दोरी धरून सरळ करून देल्ला. त्याचे पैसेबी नाही घेतले त्यानं."

मिस्तरीवर मला रागावता येईना. त्याच्या धंद्यात सरळ म्हणजे भिंतीला सरळ. पण माझा भाऊ त्या खांबाशेजारी संध्याकाळी कितीदा उभा राहिला होता. तो तिरका का, हे मी त्याला तिथेच उभं करून सांगितलं होतं, आणि त्यानं तेव्हा मान डोलावली होती.

"माउंटच्या स्क्रूनं दिशा एवढी वळत नाही," मी म्हटलं. "खांब फोडून पुन्हा लावावा लागेल. ध्रुव न दिसताही दुसऱ्या चांदण्या कुठे सरकतात ते पाहून दिशा धरता येते. वेळ लागेल, पण मी करीन."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आता फोडाले नाही जमत ताई. फोडलं त सारं पाणी घरात उतरीन. आत्ताच त माल टाकला." मग म्हणाला, "तुह्या त्या तीन पायाच्या स्टँडवर ठेव ना."

ठेवता आली असती. तिपाई माझ्याकडे होती, दर वेळी दिशा नव्यानं धरली असती, फोटोही चांगले आले असते. पण मला तिपाई नको होती. तिपाई पाहुण्यानं आणायची असते. मी जमीन सोडली, घर सोडलं, साडीसुद्धा सोडली, आणि त्याबदल्यात मागितलेल्या एका कोपऱ्यात आता माझा खांब यांच्या कठड्याला समांतर उभा होता. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. मी माउंट खोलून खोक्यात भरला.

"घेऊन कायले जातं? राहू दे न इथंच," भाऊ म्हणाला. "घर तुहंच हाय."

त्याला ते मनापासून वाटत होतं. त्याचंच जास्त लागलं.

आता भावजय खांबाला कपड्यांची दोरी बांधते. खालच्या हॉलला नवा रंग दिला तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, तुह्या दुर्बिणीतला एखांदा फोटो दे न मोठा करून. हॉलमंदी लावतो."

माझ्याकडे मृगाचा तो गोल चांदण्यांचा फोटो होता. मी त्याला दुसरा दिला, त्या स्लॅबवरचा शेवटचा, मधे एक टिंब आणि भोवती वाकलेल्या रेघा. तो त्याला फारच आवडला. काचेत बसवून, लेव्हलची नळी धरून त्यानं तो भिंतीवर अगदी सरळ लावला आहे. मी कधी गेले आणि कुणी पाहुणे आलेले असले, की त्यांना फोटोसमोर नेतो आणि सांगतो, "आमच्या ताईनं काढला. आपल्याच स्लॅबवरून."